लाभांश नाही, विक्री नाही, मत एक: ग्रीन बे पॅकर्सच्या शेअरचे परीक्षण

आमच्या पडवीच्या भिंतीवर, दिनदर्शिका आणि आजोबांची तसबीर यांच्यामध्ये, एक फ्रेम टांगलेली आहे. घरी येणारा पाहुणा तिला मुलीच्या पदवीचे प्रमाणपत्र समजतो आणि जवळ जाऊन वाचू लागला की बुचकळ्यात पडतो, कारण त्या कागदावर अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या ‘ग्रीन बे पॅकर्स’ या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाचे नाव आहे, माझ्या मुलीचे नाव आहे आणि शेअरची संख्या ‘एक’ अशी आहे. हा शेअर तिने नोव्हेंबर २०२१ मध्ये ३०० डॉलर आणि वर हाताळणी शुल्क भरून घेतला. त्या वेळच्या दराने नुसत्या शेअरचेच साधारण २२,००० रुपये झाले. त्या काळात ती ग्रीन बेपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर असलेल्या ॲपलटन या गावी नोकरीला होती. २०२३ मध्ये ती रत्नागिरीला परतली, तेव्हा विमानाच्या सामानातली कपड्यांची एक पिशवी कमी करून तिने हा कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून आणला.

मी स्वतः सहकारी बँकेच्या हिशेब विभागात बत्तीस वर्षे काढलेली असल्यामुळे कोणताही आर्थिक कागद हाती आला की आधी त्याची बारीक अक्षरे वाचतो. या शेअरच्या अटी मी सलग दोन संध्याकाळी वाचल्या, आणि त्यानंतरची दोन वर्षे मुलीच्या शेजारी बसून त्या संघाचे नवे-जुने सामने पाहिले. एवढा वेळ दिल्यावर या वस्तूविषयी काही लिहिण्याचा अधिकार आपल्याला आला आहे, असे मी समजतो.

प्रथम अटींविषयी. या शेअरवर लाभांश मिळत नाही, आजवर मिळालेला नाही आणि पुढेही मिळणार नाही. तो कोणत्याही शेअर बाजारात नोंदलेला नाही. तो दुसऱ्याला विकता येत नाही. वारसाला किंवा जवळच्या नातलगाला तेवढा देता येतो. शेअर असला म्हणून सामन्याचे तिकीट मिळत नाही. हंगामी तिकिटांसाठी लाखाहून अधिक नावांची जी प्रतीक्षायादी आहे, तिच्यात भागधारकालाही इतरांसारखेच शेवटी उभे राहावे लागते. विक्रीच्या वेळी दिलेल्या माहितीपत्रकातच असे बजावलेले आहे की नफा व्हावा, लाभांश मिळावा किंवा करात सवलत मिळावी या हेतूने कोणी हा शेअर घेऊ नये. माझ्या नोकरीच्या काळात दामदुप्पट देणाऱ्या योजनांची चकचकीत पत्रके मी पुष्कळ पाहिली आणि त्यांतल्या काहींच्या मागे धावलेले ठेवीदारही पाहिले; परंतु काहीच मिळणार नाही असे इतक्या स्वच्छ शब्दांत सांगून पैसे मागणारे पत्रक मी पहिल्यांदाच वाचत होतो.

त्याच्या बदल्यात जे मिळते ते असे: संचालक मंडळाच्या निवडणुकीत एक मत, दर वर्षी जुलैत संघाच्या मैदानावर भरणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे आमंत्रण, आणि भागधारक असल्याचे लिहिलेल्या टोप्या व सदरे स्वतःच्याच पैशाने विकत घेण्याची मुभा. गुंतवणूक म्हणून गुण द्यायचे झाले तर मी या वस्तूला दहापैकी शून्य देईन आणि त्याबद्दल संघाची काही तक्रार असेल असे वाटत नाही.

मात्र ही मोजपट्टीच चुकीची आहे, हे माझ्या लक्षात शिमग्यात आले. आमच्या गावात पालखी सहाणेवर बसली की शेवटच्या दिवशी जमाखर्च वाचून दाखवतात. मुंबईत राहणारा चाकरमानी वर्गणी भरतो, रात्रीच्या गाडीने येतो, पालखी खांद्यावर घेतो, हिशेबात दोन रुपयांची चूक निघाली तर अर्धा तास भांडतो आणि परत जातो. त्या वर्गणीवर त्याला कोणी व्याज देत नाही आणि तो मागतही नाही, पण पालखी कोणाची असे विचारले तर ‘आमची’ म्हणतो आणि त्याचे म्हणणे खोटे नसते. त्या वर्षी वाचन चालू असताना शेजारी बसलेली माझी मुलगी हळूच म्हणाली, “बाबा, माझा शेअर म्हणजे हेच.” मी घरी येऊन अटी पुन्हा वाचल्या आणि तिचे म्हणणे अक्षरशः बरोबर असल्याचे मला दिसले. २०२० च्या जनगणनेनुसार ग्रीन बेची लोकसंख्या सुमारे १ लाख ७ हजार आहे, आणि संघाचे भागधारक ५ लाखांहून अधिक आहेत. म्हणजे गावात राहणाऱ्यांपेक्षा गावाबाहेरचे वर्गणीदार कितीतरी पट जास्त. ही स्थिती कोकणात कोणाला समजावून सांगावी लागणार नाही.

ही वर्गणी का सुरू झाली, तो इतिहास रंजक आहे. १९१९ च्या ऑगस्टमध्ये कर्ली लॅम्बो हा स्थानिक खेळाडू आणि जॉर्ज कॅलहून हा वृत्तपत्राचा क्रीडा संपादक यांनी ग्रीन बेमध्ये संघ उभा केला. लॅम्बो ज्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत नोकरीला होता, तिचे नाव ‘इंडियन पॅकिंग कंपनी’. तिने गणवेशासाठी ५०० डॉलर दिले आणि संघाला ‘पॅकर्स’ हे नाव चिकटले. (त्यातल्या ‘इंडियन’ शब्दाचा आपल्याशी संबंध नाही, हे मला आमच्या वाडीत निदान चार जणांना सांगावे लागले आहे.) १९२१ मध्ये संघ त्या संघटनेत दाखल झाला जी पुढे ‘नॅशनल फुटबॉल लीग’ झाली, आणि लगेच पैशांची ओढाताण सुरू झाली.

१९२२ च्या हंगामात पावसाने प्रेक्षक फिरकेनात. संघाने पावसाचा विमा उतरवलेला होता. एका सामन्याला पाऊस पडला, तिकीटविक्री बुडाली, आणि विम्याची रक्कम मिळेल म्हणून सगळे थांबले असताना विमा कंपनीने मोजमाप दाखवले: करारात ठरलेल्या पावसापेक्षा प्रत्यक्ष पाऊस इंचाच्या शंभराव्या भागाने कमी पडला होता, सबब भरपाई नाही. आंब्याचा मोहोर गळल्यावर हवामान केंद्राच्या आकड्याकडे डोळे लावून बसलेल्या आमच्या बागायतदारांना मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्या संघाविषयी त्यांच्या मनात जी आपुलकी उत्पन्न झाली ती कोणत्याही विजेतेपदाने झाली नसती.

त्यानंतर स्थानिक वृत्तपत्राचे प्रकाशक अँड्र्यू टर्नबुल आणि गावातील काही प्रतिष्ठितांनी पुढाकार घेतला आणि १९२३ मध्ये ५ डॉलरला एक याप्रमाणे पहिले शेअर विकून संघ ना-नफा तत्त्वावरील कंपनी केला. पैसे संपले की पुन्हा गावापुढे हात पसरायचा, ही रीत तेव्हापासूनची आहे. एक प्रेक्षक स्टँडवरून पडून जखमी झाला, त्याने खटला जिंकला आणि संघाची विमा कंपनी त्याच सुमारास बुडाली. त्यातून बाहेर पडण्यासाठी १९३५ ची विक्री झाली. १९५० मध्ये शेअर २५ डॉलरला होता, १९९७ मध्ये २०० डॉलरला, २०११ मध्ये २५० डॉलरला आणि २०२१ मध्ये ३०० डॉलरला. अलीकडच्या विक्रीतला पैसा मैदानाच्या बांधकामात आणि सुधारणांत गेला. खेळाडूंच्या पगारात तो जात नाही.

हिशेबनिसाला आवडावीत अशी दोन कलमे या व्यवस्थेत आहेत. पहिले असे की संघ कधी विकलाच गेला, तर येणारा पैसा भागधारकांत वाटायचा नाही. १९२३ च्या मूळ घटनेत तो माजी सैनिकांच्या स्थानिक शाखेला, सैनिकांच्या स्मारकासाठी द्यावा असे होते. १९९७ मध्ये ते बदलून तो संघाच्या धर्मादाय प्रतिष्ठानाकडे जावा असे केले. विकून कोणाचाच फायदा होत नाही, म्हणून कोणी विकायला काढत नाही. याचे मोल समजण्यासाठी बाल्टिमोरची हकिगत पाहावी. १९८४ च्या मार्चमध्ये तिथल्या कोल्ट्स संघाच्या मालकाने रातोरात सामानाचे ट्रक भरले आणि सकाळी शहर उठले तेव्हा संघ इंडियानापोलिसच्या वाटेवर होता. देवळातली मूर्ती खोताने रात्रीतून उचलून दुसऱ्या तालुक्यात न्यावी, तसा हा प्रकार. बाकीचे ३१ संघ आजही खासगी मालकांचे आहेत. हा एकच असा आहे की त्याला पळवून नेऊ शकेल असा मालकच नाही.

दुसरे कलम मतांचे आहे आणि त्याविषयी माझी तक्रार आहे. १९९७ ची विक्री करताना जुन्या प्रत्येक शेअरचे १,००० शेअर करण्यात आले. त्यामुळे ज्याच्या आजोबांनी १९५० मध्ये २५ डॉलरचा एक शेअर घेतला, त्या घराला १,००० मते. माझ्या मुलीने ३०० डॉलर दिले, तिला एक. आमच्याकडे पालखीला पहिला खांदा कोणी द्यायचा याचे मान जसे ठरलेले आहेत, तसे तिथेही मानकरी आहेत, एवढाच याचा अर्थ. जुन्या घराण्यांचे हित राखणे मला समजते, परंतु पुढच्या पाच लाख लोकांचे मत त्यामुळे केवळ शोभेचे उरते, हे विक्रेत्याने अधिक ठळकपणे सांगायला हवे होते.

हिशेबाच्या बाबतीत मात्र मी या संघाला पैकीच्या पैकी गुण देतो. इतर संघांचे ताळेबंद मालकांच्या कपाटात असतात. पॅकर्सचे आकडे दर वर्षी जाहीर होतात आणि त्यामुळे संपूर्ण लीगचा पैसा कसा फिरतो याचा अंदाज जगाला याच एका संघाच्या अहवालातून येतो. त्या अहवालातले मुख्य जमेचे सदर म्हणजे दूरचित्रवाणीच्या हक्कांचा वाटा. १९६१ मध्ये अमेरिकेने कायदा करून लीगला सर्व संघांचे प्रक्षेपण हक्क एकत्र विकण्याची परवानगी दिली, आणि आलेला पैसा समान वाटण्याचे मालकांनी मान्य केले. न्यूयॉर्कच्या संघाला जेवढा हिस्सा, तेवढाच एक लाख वस्तीच्या ग्रीन बेला. ही समान वाटणी झाली नसती तर १९२३ ची वर्गणी कधीच अपुरी पडली असती, असे माझे मत आहे. या संघावर प्रेम करणारे लोक गावाच्या भावनेचे कौतुक करतात, ते योग्यच आहे; पण श्रेयाचा मोठा वाटा या एका नोंदीचा आहे.

आता या वर्गणीतून माल काय मिळतो, म्हणजेच खेळ कसा आहे. नियम समजायला मला तीन सामने लागले. अकरा जणांच्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असते. गेले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही गेले तर चेंडू समोरच्यांकडे जातो. शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण आणि वर लाथेने एक गुण मिळवण्याची संधी, दांड्यांमधून चेंडू मारला तर तीन. कबड्डी आवडणाऱ्याला हा खेळ क्रिकेट आवडणाऱ्यापेक्षा लवकर समजतो, कारण जमीन इंचाइंचाने जिंकायची ही त्यातली मूळ कल्पना आहे.

पॅकर्सने आजवर १३ वेळा लीगचे विजेतेपद मिळवले आहे आणि एवढी विजेतेपदे दुसऱ्या कोणत्याही संघाकडे नाहीत. सलग तीन वर्षे विजेते होण्याची कामगिरी एकाच संघाने केली आहे, तीही दोनदा: १९२९ ते १९३१ आणि १९६५ ते १९६७. पहिली तिन्ही लॅम्बोच्या मार्गदर्शनाखाली आली. त्यानंतर डॉन हटसन या चेंडू झेलणाऱ्या खेळाडूने १९३५ ते १९४५ या काळात ९९ वेळा झेल घेऊन रेषा गाठली, आणि तो विक्रम कित्येक दशके टिकला.

यापुढचा काळ व्हिन्स लोम्बार्डीचा, आणि इथे थोडे थांबले पाहिजे. १९५८ च्या हंगामात पॅकर्सने बारापैकी एकच सामना जिंकला होता. १९५९ मध्ये लोम्बार्डी प्रशिक्षक म्हणून आला, तेव्हा त्या हरलेल्या संघातच बार्ट स्टार, पॉल हॉर्नंग, जिम टेलर, रे निट्श्की, फॉरेस्ट ग्रेग, जेरी क्रेमर हे सगळे होते. तेच खेळाडू घेऊन त्याने पहिल्याच वर्षी बारापैकी सात सामने जिंकले, दुसऱ्या वर्षी अंतिम सामना गाठला आणि तो गमावला, आणि त्यानंतर बाद फेरीतला एकही सामना तो पॅकर्ससोबत हरला नाही. बार्ट स्टार तर १९५६ मध्ये लीगमधल्या संघांनी पाळीपाळीने केलेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत सतराव्या फेरीत, म्हणजे १९९ जण घेऊन झाल्यावर, घेतला गेलेला खेळाडू. बँकेत कारकून म्हणून लागून शेवटी सरव्यवस्थापक झालेल्या एका माणसाच्या हाताखाली मी काम केले आहे, त्यामुळे स्टारविषयी मला विशेष ममत्व वाटते.

३१ डिसेंबर १९६७ रोजी ग्रीन बेच्या मैदानावर डॅलस काउबॉइजविरुद्ध झालेला लीगचा अंतिम सामना मी तीनदा पाहिला. तापमान उणे २५ अंश सेल्सिअस. मैदान गोठू नये म्हणून जमिनीखाली बसवलेली तारांची यंत्रणा बंद पडली आणि गवताची फरशी झाली. पंचांच्या शिट्ट्या गोठल्या, एकाच्या ओठाला ती चिकटून कातडी निघाली, आणि उरलेला सामना त्यांनी ओरडून चालवला. पॅकर्स १४-० ने पुढे होते, मग १७-१४ ने मागे पडले. शेवटची ४ मिनिटे ५० सेकंद उरली असताना चेंडू त्यांच्याकडे आला आणि विजयाची रेषा ६८ यार्ड दूर होती. एकेक पाऊल घसरत ते रेषेपासून दोन फुटांवर पोहोचले. तिथे दोनदा चेंडू घेऊन धावणाऱ्या अँडरसनकडे दिला, दोन्ही वेळा त्याचा पाय निसटला. १६ सेकंद उरले. लाथ मारून तीन गुण घेतले असते तर बरोबरी होऊन जादा वेळ मिळाला असता. स्टार बाजूला गेला, लोम्बार्डीला म्हणाला की बाकीच्यांचे पाय टिकत नाहीत, मी स्वतःच चेंडू घेऊन घुसतो, आणि परत आला. आपल्या साथीदारांनाही त्याने चेंडू कोण नेणार हे सांगितले नाही. क्रेमर आणि बोमन यांनी समोरच्या जेथ्रो प्यूला रेटले, फटीतून स्टार पलीकडे पडला. २१-१७.

हा सामना आम्ही मे महिन्यात पाहिला. पंखा पूर्ण वेगात होता, सौ. फणसाचे गरे काढत होती आणि हाताला खोबरेल लावून लावून चीक सोडवत होती. आमच्याकडे पारा अठरावर उतरला की कानटोप्या निघतात; त्या माणसांच्या तोंडातून निघणारी वाफ पाहून ती एवढेच म्हणाली, “ह्यांना घरी कोणी नव्हतं का सांगणारं?”

त्यानंतर दोनच आठवड्यांनी पॅकर्सने दुसरा सुपर बोलही (तेव्हा दोन लीगच्या विजेत्यांमधला, आज या लीगचा अंतिम सामना) जिंकला आणि लोम्बार्डी प्रशिक्षकपदावरून बाजूला झाला. १९७० मध्ये त्याचे निधन झाले; सुपर बोलच्या करंडकाला आज त्याचेच नाव आहे. पुढे १९६८ ते १९९१ या चोवीस हंगामांत संघ केवळ दोनदा बाद फेरीत गेला. या काळाविषयी लिहिण्यासारखे फार नाही, परंतु वर्गणीदारांनी वर्गणी तोडली नाही आणि स्टेडियम रिकामे पडले नाही, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

१९९२ मध्ये अटलांटाकडून ब्रेट फार्व्ह हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, आला, १९९३ मध्ये रेगी व्हाइट आला आणि २६ जानेवारी १९९७ रोजी न्यू इंग्लंड पेट्रियट्सला ३५-२१ असे हरवून पॅकर्स पुन्हा विजेते झाले. त्या सामन्यात डेस्मंड हॉवर्डने ९९ यार्ड धावत चेंडू परत आणला, तो तुकडा कोणालाही दाखवावा, नियम माहीत नसले तरी समजतो. पुढच्या वर्षी ते डेन्व्हरकडून ३१-२४ असे हरले. तो सामना संपला तेव्हा भारतात २६ जानेवारी १९९८ ची सकाळ होती, आणि त्याच दिवशी कोकण रेल्वेच्या पूर्ण झालेल्या मार्गावरून गाडी धावली. त्या रेल्वेसाठी काढलेले रोखे आमच्या बँकेतल्या काही जणांनी घेतले होते. त्यांवर मात्र व्याज मिळत असे.

फार्व्हनंतर त्याच जागेवर ॲरन रॉजर्स आला. तीन वर्षे तो फार्व्हच्या मागे बसून राहिला, २००८ मध्ये त्याला जागा मिळाली, ६ फेब्रुवारी २०११ रोजी त्याने पिट्सबर्गविरुद्ध ३१-२५ असा सुपर बोल जिंकून दिला आणि चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. नंतर जॉर्डन लव्ह तीन वर्षे रॉजर्सच्या मागे बसून राहिला. फार्व्ह पॅकर्स सोडून ज्या न्यूयॉर्क जेट्सकडे गेला, रॉजर्सही २०२३ मध्ये तिकडेच गेला. घराण्याच्या गायकीसारखी ही परंपरा आहे, एवढेच की गुरू जाताना शिष्याशी फारसे बोलत नाही.

मुलीने शेअर घेतल्यानंतरचा पहिला ‘परतावा’ मला नीट आठवतो. २३ जानेवारी २०२२ चा रविवार, सकाळचे दहा वाजत आले होते. फोन वाजला, पलीकडे ती रडत होती आणि तिकडे रात्र असल्यामुळे कोणाचे तरी बरेवाईट झाले असे वाटून माझे हात गार पडले. झाले होते ते असे: हंगामात १३ सामने जिंकून पहिल्या क्रमांकावर असलेले पॅकर्स आपल्याच मैदानावर, बर्फात, सॅन फ्रान्सिस्कोकडून १३-१० असे हरले होते. समोरच्यांच्या आक्रमणाला संपूर्ण सामन्यात एकदाही रेषा ओलांडता आली नव्हती. शेवटची पाच मिनिटे उरलेली नसताना पॅकर्सने लांब मारलेला चेंडू अडवला गेला, तो उचलून सॅन फ्रान्सिस्कोने सहा गुण घेतले, आणि अखेरच्या क्षणी तीन गुणांची लाथ बसली. मी तिला म्हणालो, “अगं, तुझा एक शेअर आहे, एवढं काय?” त्यावर ती जे म्हणाली ते इथे छापण्यासारखे नाही.

तिथे राहत असताना तिने पाहिलेल्या दोन गोष्टी या शेअरची खरी किंमत सांगतात असे मला वाटते. सरावाच्या दिवसांत गावातली मुले आपापल्या सायकली घेऊन मैदानाबाहेर उभी राहतात. खेळाडू त्यांतली एक सायकल घेतो, मूल त्याचे शिरस्त्राण छातीशी धरून शेजारून पळते, आणि दीडशे किलोचा माणूस गुडघे हनुवटीला लावत गुलाबी सायकलवरून सरावाला जातो. तिने काढलेल्या चित्रफितीत एका सायकलचे मागचे चाक डगमगताना स्पष्ट दिसते आणि मूल सायकलकडे काळजीने, खेळाडूकडे अभिमानाने पाहत असते. दुसरी गोष्ट उडीची. १९९३ च्या डिसेंबरात लेरॉय बटलरने रेषा ओलांडल्यावर थेट प्रेक्षकांत उडी मारली, आणि तेव्हापासून पॅकर्सचा खेळाडू गुण मिळवला की कठड्यावर झेप घेतो आणि लोक त्याला खेचून घेतात. पालखी नाचवताना गर्दी जशी पुढे झेपावते, त्या गर्दीत आणि या गर्दीत मला फारसा फरक दिसला नाही.

जुलै २०२२ ची वार्षिक सभा तिने पाहिली. भागधारक स्टेडियमच्या स्टँडमध्ये बसतात, पदाधिकारी व्यासपीठावरून आकडे वाचतात. अध्यक्ष सोडला तर संचालकांना मानधन नाही, हे कळल्यावर माझा आदर वाढला. ती म्हणते की आकडे वाचताना बऱ्याच जणांचे लक्ष गवताकडे होते.

आता वापरातल्या अडचणी. कोकणात हा कागद टिकवणे कठीण आहे. पहिली फ्रेम आम्ही बाजारात करून घेतली. कारागिराने मागे साधा पुठ्ठा लावला आणि कडा उघड्या ठेवल्या, त्यामुळे पहिल्याच श्रावणात काचेच्या आतून ओल दिसू लागली आणि ‘एक’ या आकड्याजवळ बुरशीचा मोहरीएवढा ठिपका आला. आता मागे ॲल्युमिनियमचा पत्रा आहे, कडा चिकटपट्टीने बंद आहेत आणि पावसाळाभर फ्रेम कपाटात, डांबराच्या गोळ्यांपासून दूर, तांदळाच्या पुरचुंडीसह ठेवतो. सामन्यांच्या वेळाही सोयीच्या नाहीत. तिकडे दुपारी बाराला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला, आणि त्यांचे घड्याळ हिवाळ्यात मागे गेले की साडेअकराला सुरू होतो. रात्रीचा सामना सोमवारी पहाटे. परतीच्या पावसात वीज गेली की शेवटची दोन मिनिटे हमखास बुडतात, आणि या खेळात सगळे काही शेवटच्या दोन मिनिटांतच घडते.

कोणी घ्यावा, हा प्रश्न तूर्त निकालात निघतो, कारण सध्या विक्री चालू नाही आणि गेल्या वेळी ती भारतात राहणाऱ्यांना खुली नव्हती. अमेरिकेत मुले असलेल्या वाचकांनी पुढच्या विक्रीकडे लक्ष ठेवावे. घरात एक शेअर पुरे, दुसऱ्याने काही वाढत नाही. शेजारच्या वाडीतला एक तरुण हे ऐकून उत्साहाने विचारू लागला की पुढची विक्री कधी. मी त्याला आजवरच्या विक्रींमधली अंतरे लिहून दिली: १२ वर्षे, १५, ४७, १४, १०. तो कागद खिशात घालून तो निघाला, तेव्हा शिमग्याची त्याची गेल्या वर्षीची वर्गणी अजून यायची आहे, याचीही मी त्याला आठवण करून दिली.